नम्रता आणि खरे वैभव : ख्रिस्ती विचाराची वऱ्हाडातील कसोटी

'गौरव' हा शब्द आपण सभासमारंभांतून इतका सढळ हाताने वापरतो की त्याच्या मुळाकडे पाहण्याचे आपल्याला सहसा सुचत नाही. 'गुरु' म्हणजे जड, आणि 'गौरव' म्हणजे जडपणा, वजन. गंमत अशी की ज्यू लोकांच्या हिब्रू भाषेतही परमेश्वराच्या वैभवाला 'काबोद' हा जो शब्द आहे, त्याचे मूळही जडपणातच आहे. दोन दूरदूरच्या भाषांना मनुष्याचा मोठेपणा तराजूत घालून पाहावासा वाटला. उलट नम्रतेला लॅटिनमध्ये जो शब्द आहे तो माती या अर्थाच्या शब्दापासून निघालेला. आपला 'नम्र' वाकतो. त्यांचा नम्र मातीला लागतो. मातीला लागलेला मनुष्य आणि वजनदार मनुष्य हे दोघे एकच कसे असू शकतील, हा प्रश्न ख्रिस्ती धर्माने जगापुढे मांडला. या प्रश्नाचा इतिहास, आणि विशेषतः आपल्या वऱ्हाडात व महाराष्ट्रात त्याची जी कसोटी लागली ती, हा आजचा विषय आहे.

विषयाला हात घालण्यापूर्वी एका आक्षेपाचा विचार केला पाहिजे, कारण तो आपल्यापैकी अनेकांच्या मनात असणार. राज्यकर्त्यांच्या धर्माने जितांना नम्रतेचा उपदेश करावा यात मोठेसे काय आहे? ज्याच्या हाती तोफ आहे त्याला दुसऱ्याची नम्रता नेहमीच आवडते. हा आक्षेप खोटा नाही. तो मनात ठेवूनच पुढे जाऊ. किंबहुना ज्यांच्याविषयी मी बोलणार आहे त्या मराठी ख्रिस्ती माणसांनीही तो मनात ठेवला होता.

प्राचीन रोमन जगात नम्रता हा सद्गुण नव्हता, हे आज आपल्याला चमत्कारिक वाटेल. तेथे शौर्य, न्याय, संयम, औदार्य या गुणांना मान होता. परंतु 'नीच', 'खालचा' या अर्थाचा शब्द गुलामाला आणि भिकाऱ्याला लावीत. क्रूस हे तर गुलामांचे व बंडखोरांचे मरण. स्पार्टाकसच्या नेतृत्वाखालील गुलामांचे बंड इ. स. पूर्व ७१ मध्ये मोडल्यावर सुमारे सहा हजार गुलामांना रोमकडे जाणाऱ्या हमरस्त्याच्या कडेने खांबांवर टांगले होते. सभ्य माणसाने ज्या शिक्षेचे नावही काढू नये अशी ही शिक्षा. तीच शिक्षा भोगून मेलेल्या एका सुताराला देव मानणारा पंथ त्या जगात निघाला, तेव्हा लोकांना तो वेडेपणा वाटला, यात नवल नाही.

या पंथाच्या चौथ्या शुभवर्तमानात, म्हणजे योहानाच्या ग्रंथात, दोन गोष्टी शेजारी-शेजारी आलेल्या आहेत. मरणाच्या आदल्या रात्री येशू भोजनावरून उठतो, कमरेला रुमाल गुंडाळतो आणि शिष्यांचे पाय धुतो. आपल्याकडे पाय धुण्याचा अर्थ कोणाला सांगावा लागत नाही. शिष्य गुरूचे पाय धुतो, यजमान अतिथीचे धुतो, लग्नात सासरा जावयाचे धुतो. पाण्याचा ओघ खालच्याकडून वरच्याकडे, असा तो शिरस्ता आहे. येथे तो उलटा झाला, म्हणून पेत्र हा शिष्य पाय मागे घेतो. दुसरी गोष्ट अशी, की याच ग्रंथात येशू आपल्या मरणालाच आपल्या गौरवाची घटका म्हणतो. मरणानंतर गौरव मिळेल असे नव्हे. क्रूसावर चढणे हेच वर चढणे. माझ्या मते ख्रिस्ती नम्रतेचा सारा गाभा या दोन गोष्टींत आहे, आणि त्यातली एक बाब सहज नजरेतून निसटते : तेथे वाकतो तो गुरू, शिष्य नव्हे. नम्रता प्रथम वरच्याकडून मागितलेली आहे.

पुढच्या इतिहासात ही बाब पुष्कळदा निसटली. ३१२ मध्ये कॉन्स्टंटाइन लढाई जिंकला आणि ख्रिस्ताचे चिन्ह सैन्याच्या ढालीनिशाणांवर गेले. धर्मगुरूंना वाडे मिळाले, मुकुट मिळाले. मधूनमधून असिसीच्या फ्रान्सिससारखा एखादा कापडवाल्याचा मुलगा बापाची पेठ सोडून महारोग्यांत जाऊन राहिला आणि धर्मसंस्थेला लाजवून गेला. परंतु संस्था संस्थाच राहिली. आपल्या भाषेला या धर्माची ओळख झाली तीही पोर्तुगीज गोव्यात. फादर स्टीफन्स यांचे ओवीबद्ध 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये छापले गेले. पण ज्या गोव्यात मराठीचे ते मनोहर कौतुक झाले, त्याच गोव्यात १५६० पासून धर्मन्यायालयाचा अंमल होता. एका हातात पुराण आणि दुसऱ्या हातात दंड, ही विसंगती त्या काळापासूनची आहे.

वऱ्हाडात हा धर्म फार उशिरा आला. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात दिले. मागून अमेरिकेतल्या यादवी युद्धाने, १८६१ ते १८६५ या काळात, जगाचा कापूस आटला आणि आमच्या काळ्या जमिनीला सोन्याचे मोल आले. रेल्वे आली, १८७० मध्ये खामगावच्या फाट्याचे उद्घाटन करण्यास खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले. जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने, दलाल, पेढ्या, अमरावती-अकोल्यातील हवेल्या : वऱ्हाडच्या 'वैभवा'चा हा काळ. मिशनरी आले ते याच सुमारास, आणि ध्यानात घेण्यासारखे म्हणजे त्यांच्यातले पुष्कळजण इंग्रज नव्हते, अमेरिकन होते. अकोला हे 'ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स' या मिशनचे ठाणे झाले. यवतमाळ पुढे फ्री मेथडिस्टांचे झाले. एलिचपुराकडे आल्बर्ट नॉर्टन हे कोरकूंमध्ये गेले. परंतु खेड्यातल्या मनुष्याला अमेरिकन काय नि इंग्रज काय, टोपी सारखीच. कलेक्टर साहेब आणि पाद्री साहेब यांचे बंगले एकाच वस्तीत, आणि दोघांच्याही व्हरांड्याखाली उभे राहूनच बोलायचे.

अपवाद नव्हते असे नाही. मुंबईला १८४८ मध्ये आलेले जॉर्ज बोवेन हे अमेरिकन मिशनरी लौकरच मिशनचा पगार सोडून बाजारातल्या वस्तीत एका खोलीत राहू लागले, आणि १८८८ मध्ये मरेपर्यंत तसेच राहिले. लोक त्यांना फकीरच म्हणत. त्यांच्या हातून बाटलेल्यांची गणती फारशी नाही; मिशनच्या अहवालात ज्याला यश म्हणतात ते त्यांना लाभले नाही. पण मुंबईत त्यांचे नाव हिंदू-पारशीही आदराने घेत. वजन कशाने येते, याचा हा एक लहानसा पुरावा.

मग छप्पन्नचा दुष्काळ आला. संवत १९५६, म्हणजे १८९९-१९००. कापसाने पैसा आणला होता, परंतु पोटाची ज्वारी मागे हटली होती. पाऊस गेला तेव्हा पैसाही गेला आणि धान्यही नाही. १८९१ मध्ये वऱ्हाडची लोकसंख्या सुमारे २९ लाख होती, ती १९०१ च्या खानेसुमारीत साडेसत्तावीस लाखांवर उतरली. वाढायची ती दीड लाखाच्या आसपास घटली, या एका आकड्यात काय काय आले असेल याची कल्पना आपण करावी. आईबाप मेलेली पोरे स्टेशनांवर, बाजारांत, तलावांच्या काठी सापडू लागली. अकोल्याला मुलांचे आणि खामगावला मुलींचे अनाथालय मिशनने चालविले. नॉर्टन तोपर्यंत दौंडला गेले होते. तेथे त्यांनी दुष्काळातल्या मुलांसाठी वसतिगृह काढले.

येथे स्पष्ट बोलले पाहिजे. ही मुले ख्रिस्ती झाली. भुकेल्या पोराला धर्म निवडण्याची मुभा नसते, आणि भाकरीबरोबर बाप्तिस्मा आला की भाकरीची किंमत लागली असे कोणी म्हटले तर त्याला गप्प बसविता येत नाही. तसेच हेही खरे, की त्या दिवसांत हवेल्यांची दारे बंद होती आणि त्या पोरांच्या अंगावरच्या उवा काढायला बसलेल्या बायका सातासमुद्रांपलीकडच्या होत्या. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. एकीने दुसरी पुसू नये.

अकोल्याच्या या मंडळींत जेनी फुलर या बाई होत्या. हिंदी स्त्रियांवरील अन्यायासंबंधी त्यांचे इंग्रजी पुस्तक १९०० मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्याला प्रस्तावना होती पंडिता रमाबाईंची. वऱ्हाडचा धागा असा केडगावला जाऊन मिळतो, आणि रमाबाईंपाशी आपल्याला थोडे थांबावे लागेल.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. आईबाप आणि बहीण दुष्काळात व तीर्थयात्रेत गेली. भाऊ आणि ती पायी देश हिंडत कलकत्त्यास पोचली. तेथे १८७८ मध्ये पंडितांनी तिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. वीस वर्षांच्या मुलीला एवढे वजन! पुढे लग्न, दोन वर्षांत वैधव्य, १८८३ मध्ये विलायत, आणि त्याच वर्षी वाँटेज येथे बाप्तिस्मा. ख्रिस्ती झाली म्हणजे ती नमली, असे तिच्या इंग्रज हितचिंतकांना वाटले असावे. तो गैरसमज लौकरच दूर झाला. चेल्टनहॅमच्या कॉलेजात असताना तिने पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे की नाही, असा प्रश्न निघाला. मुंबई आणि लाहोर येथील बिशपांनी हरकत घेतली. रमाबाईंनी नम्रपणे, पण कणखरपणे कळविले की तिच्या सदसद्विवेकाचा ताबा तिने कोणा बिशपाला दिलेला नाही. क्रूसावर लॅटिनच अक्षरे का, संस्कृत का नकोत, असेही तिने विचारले. हा पत्रव्यवहार १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने छापला आहे. तो मुळातून वाचावा. धर्मभगिनी जेरल्डीन तिला पुनःपुन्हा नम्रता शिकवितात, आणि ती पुनःपुन्हा विचारते की ही नम्रता देवापुढची की तुमच्यापुढची? मला वाटते, ख्रिस्ती नम्रतेचा आणि ताबेदारीचा भेद मराठी मनुष्याने इतक्या नेमकेपणाने प्रथम येथेच मांडला.

परत आल्यावर १८८९ मध्ये तिने शारदासदन काढले. १८९३ मध्ये धर्मांतराच्या वादळात रानडे-भांडारकरांसारखे सल्लागार दूर झाले. त्या वादात सल्लागारांची बाजू अगदीच पोकळ होती असे मी म्हणणार नाही; पालकांना दिलेला शब्द हाही शब्दच. १८९६-९७ च्या दुष्काळात ती मध्यप्रांतात जाऊन सुमारे तीनशे मुली-बायका घेऊन आली, आणि केडगावच्या माळावर 'मुक्ति' उभी राहिली. अंगावर पांढरे सुती लुगडे, आहार शाकाहारी, हाताखाली शेकडो टाकलेल्या बायका. आयुष्याची शेवटची वर्षे तिने बायबलाच्या भाषांतराला दिली. हिब्रू आणि ग्रीक शिकून, मुळावरून. आणि ते कसे? संस्कृतप्रचुर नव्हे. जिला संस्कृतासाठी सरस्वती म्हटले, तिने खेड्यातल्या बाईला कळेल अशी साधी मराठी धरली. केडगावच्या छापखान्यात खिळे जुळविणाऱ्याही त्याच बायका. १९१९ मध्ये सरकारने कैसर-इ-हिंद पदक दिले. तिच्या चरित्रात ते एका ओळीची जागा व्यापते, अधिक नाही. ५ एप्रिल १९२२ ला ती गेली, आणि संपूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर पडले.

आता मघाचा आक्षेप पुन्हा घेऊ. नम्र व्हा असे सांगायचे कोणाला? याच अमरावतीत १९२७ च्या नोव्हेंबरात अंबादेवीच्या मंदिरप्रवेशासाठी परिषद भरली आणि डॉ. आंबेडकर तिचे अध्यक्ष होते. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना पायरीखाली उभे केले, त्यांच्यापुढे कोणी नम्रतेचे पुराण लावले असते तर ते निव्वळ क्रौर्य झाले असते. ख्रिस्ती देवळांतही जात सारीच्या सारी बाहेर राहिली नव्हती. बसण्यात, सोयरिकीत ती आत आलीच. म्हणून पाय धुणारा कोण, हा मुद्दा मी मघाशी आवर्जून सांगितला. खाली असलेल्याला खालीच राहा म्हणणे ही नम्रतेची शिकवण नव्हे. वरच्याने उतरावे, एवढेच त्या रुमालाचे म्हणणे आहे. आपल्या लोकांना हे ख्रिस्ती ग्रंथांतून शिकावे लागले असेही नाही. शेंडगावचे गाडगेबाबा कीर्तनाला येत ते आधी हातात खराटा घेऊन. गाव झाडून झाले की मग देवाचे नाव. १९५६ मध्ये ते वलगावजवळ गेले. लाखोंच्या धर्मशाळा बांधून त्यांतल्या एकीतही स्वतःसाठी खोली न ठेवणारा तो मनुष्य पाहिल्यावर वऱ्हाडी श्रोत्याला योहानाचा तेरावा अध्याय समजावून सांगण्याची गरज पडू नये.

महारोग्यांची सेवा हे असेच दुसरे उदाहरण. अचलपूर-परतवाड्याजवळच्या कोठारा येथे मिशनने महारोग्यांसाठी आश्रम चालविला. ज्या काळी या रोगावर औषध नव्हते, त्या काळी जखमा धुणे आणि माणूस म्हणून हाक मारणे एवढेच हाती होते. गुणकारी गोळ्या आल्या त्या १९४० नंतर. १९४६ मध्ये डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी अमरावतीजवळ तपोवन उभारले. ते ख्रिस्ती नव्हते आणि होण्याचे त्यांना कारणही नव्हते. कोठारा आणि तपोवन यांत कोणाचा गौरव मोठा, असा वाद कोणी घातल्याचे ऐकिवात नाही. जखम धुताना तो वाद सुचत नसावा.

शेवटी ज्याच्याकडे मला यायचे आहे तो मनुष्य म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक. जन्म १८६१, करजगाव, कोकण. बुद्धी तीव्र, वाणी रसाळ, आणि स्वभाव? लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' ज्यांनी वाचली आहेत त्यांना स्वभाव सांगायला नको. रागाच्या भरात घर सोडून जाणारा, हातातले दुसऱ्याला देऊन मोकळा होणारा, भावनेच्या भरतीवर चालणारा पुरुष. नागपूरला आप्पासाहेब बुटींच्या आश्रयाने धर्मग्रंथांचा अभ्यास झाला. १८९३ च्या सुमारास राजनांदगावच्या गाडीत अर्नेस्ट वॉर्ड नावाच्या मिशनऱ्याने त्यांना बायबल दिले. ज्या फ्री मेथडिस्ट मिशनचे पुढे यवतमाळ हे केंद्र झाले, त्याच मिशनचा हा माणूस. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला.

बाप्तिस्म्याने ते नम्र झाले, असे म्हणणे सोपे आहे पण खरे नाही. त्यांना बावीस वर्षे लागली. नगरला अमेरिकन मराठी मिशनमध्ये शिक्षक, १९०४ मध्ये दीक्षित पाळक, पुढे 'ज्ञानोदया'च्या मराठी भागाचे संपादक : मानाची जागा आणि बरे वेतन. परंतु तुकोबाच्या वाटेने आपण ख्रिस्तापर्यंत आलो असे सांगणाऱ्या या कवीला एक काटा सलत राहिला. ख्रिस्ताचे नाव घेणारी धर्मसंस्था येथे मालकाच्या रूपाने उभी होती. परदेशी मिशनरी आणि मराठी पाळक यांच्या वेतनात व राहणीत केवढे अंतर, आणि निर्णय सारे बंगल्यात. मालक होऊ नका, भाऊ व्हा, असे त्यांनी मिशनऱ्यांना कवितेतून आणि गद्यातून ऐकवले. इतके सांगून थांबले असते तर तो पगारदाराचा तक्रारअर्ज ठरला असता. १९१७ मध्ये त्यांनी मिशनचे वेतन सोडले, संन्यस्त वृत्तीने साताऱ्याला जाऊन राहिले, आणि 'देवाचा दरबार' उघडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा. शब्द 'दरबार', आत ना सिंहासन, ना मानकरी. कीर्तन आणि भजन. अंगावरचे वजन काढून टाकल्यावर त्यांच्या शब्दांना वजन आले असे समकालीनांना वाटले, आणि त्यात तथ्य आहे. मुदत मात्र थोडी होती. ९ मे १९१९ ला मुंबईत त्यांचे देहावसान झाले. दरबारही फार काळ टिकला नाही.

या त्यागाचा हिशेब मांडताना एक रक्कम पुष्कळदा गाळली जाते. पगार सोडला नवऱ्याने. चूल पेटवायची होती लक्ष्मीबाईंना. पुरुष उतरतो तेव्हा त्याला संत म्हणतात, आणि बायकोही त्याच्यासवे उतरते तेव्हा तिला कोणी विचारीत नाही. त्यांच्या धर्मांतरानंतर ही बाई साडेचार वर्षांहून अधिक काळ दूर राहिली, सोवळ्याओवळ्याशी स्वतः झगडली, आणि मग १९०० मध्ये स्वतःच्या मनाने ख्रिस्ती झाली. नवऱ्याच्या मोठेपणाला तिने कधी दिपून पाहिले नाही, हसून पाहिले. तिच्या हसण्यात जेवढी नम्रता आहे तेवढी टिळकांच्या संन्यासात असेल की नाही, याची मला शंका आहे.

टिळकांनी 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य १९०९ मध्ये आरंभिले होते. दहा अध्याय होऊन काम अडले, आणि कवी गेला. शाळेचे तोंड न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंनी ते हाती घेतले आणि पुढचे चौसष्ट अध्याय रचले. १९३६ मध्ये त्याही गेल्या. ग्रंथ छापून निघाला १९३८ साली.